कोथळीगडाचा दरवाजा, राजमाचीचा तोतया आणि आपले लॉग-इन

नोव्हेंबर १६८४. छत्रपती संभाजी महाराजांचा काळ. आजच्या कर्जत तालुक्यातील कोथळीगडाच्या दरवाजापाशी माणसांचा एक जमाव येऊन थडकला आणि ‘दार उघडा’ म्हणून हाका देऊ लागला. आतल्या शिबंदीला वाटले, शस्त्रसामानाच्या ने-आणीवर असलेली आपलीच माणसे आली आहेत. दार उघडले गेले. बाहेर मोगल सरदार अब्दुल कादर होता.

आजचा धागा लांब आहे, आणि त्याचा विषय वरकरणी इतिहासाचा वाटणार नाही. संगणकाच्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाकून आपण रोज दहा ठिकाणी आत शिरतो. त्या दारामागे बसलेल्या यंत्राला ‘हा खरोखर तोच का?’ हे कसे कळते? वेब ॲप्लिकेशन बांधणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवावा लागतो. मात्र तो संगणकाबरोबर जन्मलेला नाही. कर्जत-खालापूरच्या डोंगरांत, घाटाच्या चौक्यांवर आणि गडांच्या दरवाजांत हा प्रश्न शतकानुशतके विचारला गेला, आणि दोनदा त्याचे उत्तर फार महागात पडले.

प्रथम कोथळीगड. पेठ या पायथ्याच्या गावामुळे त्याला ‘पेठचा किल्ला’ही म्हणतात. सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना आणि कोरीव खांबांची गुहा पाहण्यासाठी आज पावसाळ्यात तिथे झुंबड उडते. सतराव्या शतकात या गडाचे महत्त्व निराळे होते. सह्याद्रीवरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटांवर त्याची नजर होती आणि मराठ्यांचा शस्त्रसाठा तिथे असे. अशा कोठारावर माणसांची ये-जा सतत चालू राहणार. ज्या दारातून रोज आपली माणसे आत-बाहेर करतात, त्या दारावरचा पहारेकरी हळूहळू चेहऱ्याऐवजी सवय ओळखू लागतो. अब्दुल कादरने तटाला शिडी लावण्याआधी या सवयीला शिडी लावली.

दार उघडल्यावर तुंबळ लढाई झाली, गडावरचा दारूगोळा जळाला. गड परत घेण्यासाठी मराठ्यांनी निकराचे प्रयत्न केले. त्यांत नारोजी त्रिंबक धारातीर्थी पडले. गड मोगलांकडेच राहिला आणि औरंगजेबाने त्याचे नाव ठेवले ‘मिफ्ताहुलफतह’, म्हणजे विजयाची किल्ली. नाव ठेवणाऱ्याच्या मनात तळकोकणात शिरण्याचा मार्ग असणार. पण किल्लीवाचून उघडलेल्या गडाला किल्लीचे नाव मिळावे, हा योगायोग मोठा बोचरा आहे.

त्या दाराशी नेमके काय चुकले? बाहेरच्यांनी आपण कोण हे सांगितले. आतल्यांनी ते ऐकले आणि खरे मानले. ओळख सांगणे आणि ओळख पटणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि त्या रात्री पहिलीलाच दुसरी समजले गेले. आपण जे ‘युजरनेम’ टाइप करतो ते केवळ हाक मारणे असते: ‘मी अमुक.’ ती हाक कोणीही मारू शकतो. पटवणारी वस्तू त्यानंतर मागायची असते.

जगभरच्या सैन्यांनी यावर काढलेला जुना तोडगा म्हणजे परवलीचा शब्द. मराठीत ‘पासवर्ड’ला आपण तेच म्हणतो, आणि ही संज्ञा छावणीच्या पहाऱ्यातूनच आलेली आहे. रोमन सैन्याची पद्धत पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने वर्णिली आहे, ती मुद्दाम पाहण्यासारखी. रोज सूर्यास्ताला त्या रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून छावणीच्या सर्वांत टोकाच्या तुकडीच्या माणसाकडे दिला जाई. तो साक्षीदारांसमक्ष पाटी शेजारच्या तुकडीच्या नायकाला देई, तो पुढच्याला. अंधार पडण्यापूर्वी ती पाटी अधिकाऱ्याच्या तंबूत परत पोहोचलीच पाहिजे. न पोहोचल्यास पाट्यांवरच्या खुणांवरून ती कोणत्या तुकडीपाशी अडली हे कळे, आणि चौकशी होई. शब्द रोज नवा, पोहोचल्याची खात्री निराळी, हरवल्यास जबाबदार कोण हेही ठरलेले. आजच्या ओटीपीची आणि लॉग-नोंदीची सगळी कल्पना यात आहे.

मराठ्यांच्या राज्यात याहून पुढारलेली गोष्ट होती ती कागदाची. दरवाजावर माणूस ओळखावा लागतो. पण राज्य चालते ते दूरवर पाठवलेल्या पत्रांवर, आणि तिथे पत्र लिहिणारा समोर नसतो. म्हणून पत्रालाच असे बांधायचे, की त्याने स्वतःची साक्ष स्वतः द्यावी.

शिवकालीन राजपत्राचे अंग पाहा. माथ्यावर मुद्रा. मजकूर संपला की लगेच खाली मोर्तब. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे होती. पेशव्यांच्या छोट्या शिक्क्यावर ‘लेखनसीमा’. दोहोंचा आशय एकच: पत्र इथे संपले. यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. पत्र लांब असेल तर कागदाचे बंद एकमेकांना चिकटवून गुंडाळी करत, आणि पाठीमागे त्या सांध्यांवरही मोर्तब उमटवीत. मधला एखादा बंद काढून दुसरा चिकटवला की अर्धा शिक्का एकीकडे आणि अर्धा गायब. पत्र दफ्तरी नोंदले गेले की ‘बार’ असा शेरा. राज्याभिषेकाच्या वेळी ठरलेल्या कानूजाबत्यातही अष्टप्रधानांपैकी कोणी शिक्का करावा, कोणी संमतीचे चिन्ह करावे आणि सचिवांनी मजकुरातले अधिकउणे कसे शोधावे, हे सांगितलेले आहे.

म्हणजे मुद्रेने ‘कोणाचे’ हे सांगितले आणि मोर्तबाने ‘किती’ हे सांगितले. या दुसऱ्या भागाकडे आपले लक्ष फारसे जात नाही. वास्तविक, पाठवणारा खरा असून मजकूर वाटेत बदलला गेला तर अनर्थ तितकाच. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ सालच्या खुनाभोवती जी ‘ध’चा ‘मा’ केल्याची आख्यायिका फिरते, ती याच भीतीची कथा आहे. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, शिक्का तोच राहिला. तसे पत्र डोळ्यांपुढे ठेवता येत नाही, म्हणून ती आख्यायिकाच मानावी. तरी ती मराठी मनात इतकी खोल का रुजली, याचे उत्तर शिक्क्यामोर्तबावर चाललेल्या राज्यात शोधावे लागते. आज दोन संगणकांमधल्या संदेशाला जी अंकीय सही जोडतात, ती एक अक्षर बदलले तरी जुळत नाही. मोर्तबाला जे साधायचे होते, ते ही सही अक्षराअक्षरापर्यंत नेते.

पेशव्यांच्या मोठ्या शिक्क्यात आणखी एक मर्म आहे. त्यावर आधी सातारच्या छत्रपतींचे नाव असते आणि मग ‘प्रधान’ म्हणून पेशव्याचे. पेशवा स्वतःच्या बळावर खरा नाही. ज्याने वस्त्रे दिली त्याच्या नावाने खरा. आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा ब्राउझर त्या स्थळाचे प्रमाणपत्र तपासतो, आणि ते प्रमाणपत्र त्याहून वरच्या, आधीच विश्वास ठेवलेल्या संस्थेच्या सहीने खरे ठरते. साखळीच्या शेवटी कोणीतरी असा असावाच लागतो, ज्याला पुन्हा ‘तू कोण?’ असे विचारायचे नसते.

आता बोरघाटाखाली खालापूर-खोपोलीच्या बाजूस येऊ. घाटवाटांवर जकातीच्या चौक्या असत. सरकारी माल, एखाद्या सरदाराचे बिऱ्हाड, देवस्थानाची शिधासामग्री बिनजकात सोडायची तर ‘दस्तक’ लागे. दस्तकात माणसे किती, बैल किती, माल कोणता आणि कोठवर, हे लिहिलेले असे. चौकीदार त्या माणसाची वंशावळ विचारीत बसत नसे. वर कोणीतरी एकदा ओळख पटवून कागद दिलेला आहे. चौकीने कागद खरा आहे की नाही आणि समोरचा माल त्यात बसतो की नाही, एवढेच पाहायचे. आपण एकदा लॉग-इन केल्यावर दर पानावर पासवर्ड मागितला जात नाही, याचे कारण हेच. सर्व्हरने एक टोकन दिलेले असते आणि पुढची प्रत्येक चौकी तेवढेच पाहते. दस्तक चोराच्या हाती लागले तर चोरही सुटतो. म्हणून त्यात मालाची मर्यादा घालतात, म्हणून टोकनाला मुदत घालतात.

ओळख पटली तरी सगळे दरवाजे उघडायचे नसतात. सभासदाच्या बखरीत गडाच्या कारभाराचे वर्णन आहे: हवालदार, सबनीस, सरनोबत असे वेगवेगळ्या जातींतले अधिकारी, आणि कारभार त्यांनी मिळून करायचा. तिघेही खरे, तिघांचीही ओळख निर्विवाद. पण एकट्याच्या हाती गड नाही. एक फितला तर दुसरा उभा राहावा. ओळख आणि मुभा वेगळी ठेवण्याचा हा धडा नव्या ॲप बांधणाऱ्याला वर्षभराने, आणि बहुधा काहीतरी बिघडल्यावर कळतो.

इतकी सगळी व्यवस्था असताना १७७६ साली एक कैदी अर्धे कोकण घेऊन बोरघाट चढून आला. ते कसे, हे समजण्यासाठी आधी कर्जतपासून फार दूर, पानिपतावर जावे लागेल.

१४ जानेवारी १७६१. संध्याकाळपर्यंत सदाशिवरावभाऊ रणात दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने मृतदेहांच्या शोधाचे वर्णन लिहून ठेवले आहे. भाऊंचा म्हणून जो देह सापडला त्याला शिर नव्हते. मग खुणा पाहिल्या गेल्या. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग. पाठीवर मुजफ्फरखानाच्या कट्यारीच्या जुन्या वाराचा व्रण. तळपायावर शुभ मानल्या जाणाऱ्या रेषा. शिवाय भाऊ रोज सूर्याला बाराशे नमस्कार घालत असल्याचे सर्वांना ठाऊक होते, त्यांचे घट्टे गुडघ्यांवर आणि हातांवर. चेहरा नसलेल्या माणसाची ओळख पटवण्याचा याहून काटेकोर प्रयत्न अठराव्या शतकात क्वचितच सापडेल. शिर नंतर वेगळे मिळाले. अंत्यसंस्कार झाले.

ज्यांनी पाहिले ते मात्र उत्तरेत होते, आणि ज्यांना पटायला हवे होते ते शेकडो कोस दूर पुण्यात. पानिपताने महाराष्ट्रातल्या घराघरातला माणूस नेला होता. ‘भाऊसाहेब निसटले, कुठेतरी गुप्त आहेत’ ही वार्ता खरी ठरावी असे कोणाला वाटत नव्हते? भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलेच नाही. अशा हवेत तोतया उगवतोच. उत्तरेकडचा एक कनोजी ब्राह्मण, सुखनिधान नावाचा, आपण भाऊ असल्याचे सांगू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याला पुण्यास आणून चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. किल्ल्याकिल्ल्यांतून फिरत अखेर तो रत्नागिरीच्या बंदिवासात पोहोचला.

इथवर व्यवस्थेने तिचे काम चोख केले होते, हे ध्यानात घ्या. पडताळणी झाली, निकाल लागला, दावा रद्द झाला. कोथळीगडासारखी कोणी फसगत करून घेतली नव्हती.

मग १७७६ उजाडले. थोरले माधवराव निवर्तले होते, नारायणरावांचा खून झाला होता. पेशवा होता सवाई माधवराव, एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेला. चाळीस दिवसांचा असताना त्याच्या नावाने पेशवाईची वस्त्रे आली होती. राघोबादादांच्या पक्षाने त्या बाळाच्या जन्माविषयीच संशय पसरवले होते. दादा इंग्रजांच्या आश्रयाला गेलेले, पुरंदरचा तह नुकताच, मार्चमध्ये झालेला. म्हणजे खोटा भाऊ बाहेर पडला, त्या वेळी ज्याच्या नावाच्या शिक्क्याने त्याला खोटे म्हणायचे, त्या शिक्क्याचा धनीच वादात होता. साखळीचे वरचे कडे ढिले झाले होते.

रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्या कैद्याला सोडले, आणि नुसते सोडले नाही, भाऊ म्हणून पुढे केले. त्याचा खरोखर विश्वास बसला होता की डाव वेगळा होता, यावर पुष्कळ लिहिता येईल. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की पुण्यात रद्द झालेला दावा रत्नागिरीत एका अधिकाऱ्याच्या शब्दाने पुन्हा जिवंत झाला. सुभेदार तोतया नव्हता. त्याचे पद खरे होते, अधिकार खरा होता. खऱ्या माणसाने खोट्याची ग्वाही दिली.

त्यानंतर कोकणातले किल्ले एकामागून एक उघडत गेले. फौज वाढून वीस हजारांच्या घरात गेली असे सांगतात. पहिल्या किल्लेदाराने सुभेदाराकडे पाहिले, दुसऱ्याने पहिल्याकडे, दहाव्याने नवांकडे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. प्रत्येक दरवाजाला वाटले, तपासणी आधीच्या दरवाजाने केली असेल. पाठीवरच्या व्रणाची, मांडीवरच्या डागाची खूण लिहून ठेवलेली असताना ती पडताळण्याची तसदी कोणी घेतल्याचे दिसत नाही. भाऊ असते तर तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे असते. पंधरा वर्षांत चेहरा बदलतो हे उत्तर सगळ्यांपाशी तयार. शिवाय हा खराच भाऊ निघाला तर दार न उघडणाऱ्याचे काय, ही धास्ती वेगळीच.

आज एका खात्याने अनेक ठिकाणी आत शिरण्याची सोय आपण सर्रास वापरतो. एका मोठ्या संस्थेने ओळख पटवायची आणि बाकीच्यांनी तिच्या शब्दावर विसंबायचे. सोय उत्तमच आहे, मीही वापरतो. पण ती बसवताना दोन गोष्टी कराव्याच लागतात. ग्वाही खरोखर त्याच संस्थेकडून आली का हे सही तपासून पाहायचे, आणि रद्द झालेल्यांची यादी प्रत्येक दारापर्यंत पोहोचवायची. पहिली गोष्ट आळसाने राहते. दुसरी राहून गेल्याचे तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

तोतयाची फौज बोरघाटाच्या पायथ्याशी आली. घाटात तिला अडवण्याचा प्रयत्न झाला, तो मोडून ती वर चढली आणि राजमाची त्याच्या हाती पडली. ज्यांनी हा गड पाहिला आहे त्यांना या बातमीचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. कर्जतकडून कोंडिवड्यावरून, कोंढाण्याच्या लेण्यांच्या अंगाने चढलो की श्रीवर्धन आणि मनरंजन हे जोडबालेकिल्ले समोर उभे राहतात. गड मावळच्या हद्दीत, तोंड मात्र उल्हासच्या खोऱ्याकडे. खाली सारे कोकण आणि मागे पुण्याकडे जाणारी सपाट वाट. इथे पाय रोवलेल्या माणसाला पुणे फार लांब नव्हते.

कारभार तेव्हा नाना फडणिसांच्या हाती होता, आणि नानांची या प्रकरणातली जागा विलक्षण आहे. विशीच्या उंबरठ्यावर असताना ते स्वतः भाऊंबरोबर पानिपतावर होते. तिथून जीव घेऊन परतले, आई तिकडेच गमावली. भाऊंचा चेहरा, आवाज, बसण्या-बोलण्याची ढब त्यांना तोंडपाठ. त्यांना तोतयाचा संशय येण्याचे कारणच नव्हते, खात्री होती. अडचण ती इतरांना पटवण्याची. त्यांचे नाव या भागात खोपोलीला वेगळ्या कारणाने टिकून आहे. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ आजही दिसते.

पुण्याने राजमाचीवर बोलणी धाडली. जणू कारभारी नमले आहेत, भाऊंना शरण यायला तयार आहेत. तोतया या बोलण्यांत गुंतून पडला. पुण्याहून येणारे शब्द खरे की बनावट, हे तपासण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि ते त्याला हवेहवेसे वाटत होते. दीड दशक ज्या आशेवर त्याने लोकांना झुलवले, त्याच आशेने त्याला गडाजवळ गाठले. ताज्या दमाची फौज घेऊन महादजी शिंदे आणि भिवराव पानसे अचानक चालून आले. महादजी म्हणजे पानिपतावरच्या जखमेने आयुष्यभर लंगडत चाललेला माणूस. खऱ्या भाऊंना रणात पाहिलेला. तोतयाचा मोड झाला, तो पुन्हा कोकणात पळाला, कुलाब्याच्या बाजूस गेला आणि राघोजी आंग्र्यांनी त्याला धरून पुण्याच्या हवाली केले.

नानांनी त्याला वाटेतच संपवले असते तर कोणी अडवले नसते. तसे केले नाही, आणि यात मला त्यांच्या मुत्सद्देपणाची खरी उंची दिसते. पुण्यात पंचांपुढे उघड चौकशी झाली. भाऊंना जवळून ओळखणारे बोलावले गेले, प्रश्न विचारले गेले. तो सुखनिधान आहे हा निकाल दुसऱ्यांदा लागला आणि डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. पहिली चौकशीही खरीच होती. तिचा निकाल मात्र कोकणातल्या दरवाजांपर्यंत पोहोचला नव्हता, म्हणून दुसरी चौकशी साऱ्या मुलुखाला ऐकू जाईल अशी करावी लागली.

युरोपात याच जातीचे एक प्रकरण १५६० साली गाजले. फ्रान्समधल्या आर्तिगा गावचा मार्तिन गेर घर सोडून गेला. काही वर्षांनी आर्नो द्यू तील नावाचा माणूस तोच म्हणून आला आणि त्याच्या बायकोबरोबर, घरात, शेतावर नांदला. तुलूझच्या न्यायालयात तो जवळजवळ सुटणार, तोच खरा मार्तिन गेर दारात उभा राहिला. आर्नोकडे खाजगी आठवणींचा साठा होता. विचारलेल्या प्रश्नांना त्याने बिनचूक उत्तरे दिली होती. ‘तुमच्या पहिल्या शाळेचे नाव काय?’ असल्या प्रश्नांवर खाते परत मिळवून देण्याची पद्धत का मोडीत निघाली, ते त्याला विचारावे.

आणि संगणक? १९६०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एकच यंत्र अनेकांनी वाटून वापरण्याची व्यवस्था उभी राहिली, तेव्हा फर्नांदो कोर्बातो यांच्या चमूने प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ सालीच ॲलन शेर या संशोधकाने, वापरायला जास्त वेळ हवा म्हणून, सगळ्या पासवर्डांची फाईलच छापून घेतली. परवलीचे सगळे शब्द एकाच पाटीवर लिहून ठेवले होते! रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ सालच्या निबंधात सांगितलेला मार्ग आजही पाया आहे: पासवर्ड ठेवूच नये, त्याचा उलटा न फिरणारा ठसा ठेवावा, आणि दोघांचा शब्द एकच असला तरी ठसे वेगळे दिसावेत म्हणून प्रत्येकात थोडे निराळे ‘मीठ’ घालावे. शिक्का दफ्तरात, उमटलेला ठसा कागदावर. शिक्का कारखान्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, ही गोष्ट आपल्या चिटणिसांना सांगावी लागली नसती.

तोतयाचे प्रकरण मराठीत ‘तोतयाचे बंड’ या नावाने राहिले, न. चिं. केळकरांनी त्याच नावाचे नाटक लिहिले. सरकारी दफ्तरात भाऊसाहेबांचा प्रश्न त्या डिसेंबरात मिटला. खऱ्या देहाच्या खुणा काशीराजाने लिहिल्या होत्या, खोट्या देहाचा निकाल पंचांनी दिला होता. शनिवारवाड्यात पार्वतीबाई मात्र कुंकू लावूनच वावरत राहिल्या, आणि त्या कुंकवासहच काही वर्षांनी वारल्या.